कोजागिरीच्या क्लिपा आणि लायब्ररीचा फॉर्म

प्रेषक: मंजिरी
विषय: नुसत्या लिंका पाठवू नका

मंडळी,
कालपासून लिंकांचा पाऊस पडतोय. 'बनवाबनवी'चे तुकडे निम्म्या लोकांनी पाठवलेत, आणि त्यातल्या बहुतेकांनी तोच, सत्तर रुपयांचा. हसून झालं, आता अडचण ऐका. लायब्ररीने हॉलचा फॉर्म बदललाय. पडद्यावर काहीही दाखवायचं असेल तर प्रत्येक तुकड्याचं नाव, लांबी आणि 'दाखवायचा हक्क कुठून मिळाला' हे लिहून खाली सही करायची आहे. सही माझी. गुरुवारपर्यंत फॉर्म गेला नाही तर हॉल मिळेल, प्रोजेक्टर नाही. तेव्हा यापुढे लिंकसोबत हक्काचं काय तेही लिहा.
मंजिरी
ता.क. दुधाची यादी वेगळी फिरतेय. ती इथे नको.

प्रेषक: बापूकाका
विषय: उत्तर: नुसत्या लिंका पाठवू नका

मंजिरी, 'यूट्यूब' लिहून मोकळी हो. आपण तिकीट लावत नाही, कुणाच्या पोटावर पाय देत नाही. आम्ही इथे अमेरिकेत आलो तेव्हा भारतातून आणलेली कॅसेट इथल्या व्हीसीआरवर लागायचीच नाही. टीव्हीच्या चित्राची पद्धतच वेगळी: तिकडे पाल, इकडे एनटीएससी. तिकडे सेकंदाला 25 चित्रं, इकडे 30. कॅसेट टाकली की पडद्यावर आडवे पट्टे आणि मधूनच लक्ष्याचा आवाज. शेवटी एकाने दोन्ही चालणारं मशीन आणलं. त्याच्या तळघरात 'धूमधडाका' बघायला जिन्यापर्यंत माणसं बसायची. कोणी फॉर्म मागितला नाही. डीव्हीडी आल्या तर त्यांनाही प्रदेशाचे आकडे, भारताचा 5 आणि इथला 1, म्हणजे तिकडची डीव्हीडी इथल्या मशीनवर लागेना. तेही निस्तरलं. यातूनही निघेल मार्ग.
बापूकाका

प्रेषक: अद्वैत
विषय: उत्तर: नुसत्या लिंका पाठवू नका

बापूकाका, तळघर म्हणजे कुणाचं तरी घर होतं. लायब्ररीचा हॉल ही सार्वजनिक जागा आहे. नफा न कमावणाऱ्यांना इथल्या कायद्यात सवलत आहे, पण ती गाणी म्हणायला आणि कविता वाचायला. सिनेमाला ती लागू नाही. विकत आणलेली डीव्हीडीसुद्धा घरी बघण्यापुरतीच. मंजिरीताईंनी खोटं लिहून सही का करावी?

यावर सोपा उपाय आहे: जुनं दाखवूया. इथे प्रदर्शित होऊन 95 वर्षं उलटून गेलेल्या सिनेमांवरचा हक्क संपलेला असतो. म्हणजे फाळके पूर्ण मोकळे! 'राजा हरिश्चंद्र' (1913) म्हणून आज जे बघायला मिळतं ती पहिली आणि शेवटची रिळं. त्यात तारामती सख्यांबरोबर जलक्रीडा करते तो प्रसंग बघा. सगळ्या सख्या पुरुष आहेत, ओल्या लुगड्यांत, आणि कुणाचेही दंड लपत नाहीत. हॉल डोक्यावर घेतील.

लहान मुलांसाठी ल्यूमिएर बंधूंची 1895 ची माळ्याची फिल्म. मिनिटभराचीसुद्धा नाही. पोरगं पाण्याच्या नळीवर पाय देतं, पाणी का थांबलं म्हणून माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगं पाय उचलतं. शिवाय मेलिएस या फ्रेंच दिग्दर्शकाचा 1898 चा माणूस, जो स्वतःचं डोकं काढून टेबलावर ठेवतो. नवं डोकं उगवलं की तेही काढून पहिल्याच्या शेजारी.

आणि कोजागिरी आहे तर मेलिएसचीच 'चंद्रावरची सफर' (1902) हवीच. रॉकेट जाऊन थेट चंद्राच्या डोळ्यात बसतं!
अद्वैत

प्रेषक: सुलभाकाकू
विषय: उत्तर: नुसत्या लिंका पाठवू नका

अद्वैत, कोजागिरीला चंद्राची पूजा करायची, त्याला नैवेद्य दाखवायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून त्याचा डोळा फुटलेला बघायचा? काहीतरीच. मुलं विचारतील ना. इतर काही दाखव, भोंडल्याची गाणी लाव.

प्रेषक: नितीन
विषय: उत्तर: नुसत्या लिंका पाठवू नका

काकू, डोळा फुटत नाही, नुसता चिकचिकाट होतो. पुढे तर शास्त्रज्ञ छत्रीने फटके मारतात आणि चंद्रावरची माणसं धूर होऊन उडून जातात. माझ्या लेकीने ते लागोपाठ बघितलंय, आता घरातल्या सगळ्या छत्र्या लपवून ठेवल्यात.

जलक्रीडेच्या प्रसंगाबद्दल एक. तारामती झालेले साळुंके हे ग्रँट रोडच्या हॉटेलात स्वयंपाकाला होते. पगार 10 रुपये, फाळक्यांनी 15 देऊन उचलले. पुढे 'लंका दहन'मध्ये (1917) रामही तेच आणि सीताही तेच. हे निवेदनात आलंच पाहिजे, नाहीतर लोक नुसते दंडांना हसतील.

प्रेषक: बापूकाका
विषय: उत्तर: नुसत्या लिंका पाठवू नका

निवेदन सुलभा करते. दरवर्षी तीच करते. साळुंक्यांचं तिला सांगा, ती घेईल.

प्रेषक: मंजिरी
विषय: फॉर्मची गोष्ट चालू होती

चंद्राच्या डोळ्याचा निकाल हॉलमध्ये लावू. मी फाळके लिहायला घेतले, पण यूट्यूबवर जे लावलंय त्याला मागे कसलंतरी सिंथेसायझरचं संगीत आहे. तेही 1913 चं आहे असं मी लिहायचं का?
मंजिरी

प्रेषक: अद्वैत
विषय: उत्तर: फॉर्मची गोष्ट चालू होती

नाही. चित्र मोकळं, संगीत नाही. 'चंद्रावरच्या सफरी'चंही तेच. तिची हाताने रंगवलेली प्रत 1993 मध्ये बार्सिलोनात मिळाली, 2011 मध्ये दुरुस्त होऊन आली, पण तिला एअर या फ्रेंच जोडीचं नवं संगीत आहे. म्हणून काळी-पांढरी प्रत घ्यायची आणि आवाज पूर्ण बंद ठेवायचा.

प्रेषक: विद्याताई
विषय: उत्तर: फॉर्मची गोष्ट चालू होती

आवाज बंद करून पंधरा-पंधरा मिनिटं बसवणार लोकांना? मूकपटांच्या थिएटरात पडद्याशेजारी पेटी-तबला असायचा. आमचा गट वाजवेल. मात्र काय वाजवायचं ते आम्ही ठरवू. गेल्या वेळी आयत्या वेळी 'हे नको, ते वाजवा' अशा चिठ्ठ्या आल्या होत्या, त्या यंदा नकोत. जलक्रीडेला भूप, विश्वामित्राच्या होमाला भैरव.

प्रेषक: नितीन
विषय: उत्तर: फॉर्मची गोष्ट चालू होती

विद्याताई, पण वेग बघून ठरवा. फाळक्यांचा कॅमेरा हाताने फिरवायचा. त्या काळी सेकंदाला 16-18 चित्रं घ्यायचे, आणि ती 24 च्या वेगाने लावली की हरिश्चंद्र राज्य सोडून जात नाही, बस पकडायला धावतो. यूट्यूबवर सेटिंगच्या चाकावर दाबून वेग 0.75 करायचा, म्हणजे 24 चे 18 होतात. मी घरी लावून बघितलं. सगळे एकदम माणसांसारखे चालायला लागले. 'कालिया मर्दन'मध्ये (1919) तर फरक फारच जाणवतो. सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी नुसत्या चेहऱ्याने राग, हसू, रडू करून दाखवते. घाईने लावलं तर ते हावभाव न वाटता उचक्या वाटतात.

प्रेषक: बापूकाका
विषय: उत्तर: फॉर्मची गोष्ट चालू होती

वेग कमी करू नका. मजा त्या धावण्यातच आहे. संथ हरिश्चंद्र बघायला लोक दूध सोडून आत कशाला येतील?

प्रेषक: मंजिरी
विषय: फॉर्म गेला

लिहिलेलं असं: हरिश्चंद्र, कालिया मर्दनची सुरुवात, माळी, डोकी, चंद्र. सगळ्यांपुढे हक्काच्या रकान्यात 'मुदत संपलेली', संगीतापुढे 'प्रत्यक्ष वादन'. बनवाबनवी नाही, कृपया कोणी पेनड्राइव्ह घेऊन येऊ नये. मंदाकिनी 0.75 ने. बाकीच्यांचा वेग बापूकाका आणि नितीनने लॅपटॉपपाशी उभं राहून आपसात ठरवावा, मला मेल नको.
मंजिरी

प्रेषक: विद्याताई
विषय: उत्तर: फॉर्म गेला

वेग आधी ठरला पाहिजे, लय त्यावर आहे. बुधवारी सात वाजता माझ्याकडे तालीम. नितीन, लॅपटॉप घेऊन ये. बापूकाका, तुम्ही आलात तर चहा मिळेल, मत विचारलं जाणार नाही. तबल्याची पट्टी काळी चार.