मदत हवी आहे: "पिता माझ्यापेक्षा थोर आहे" याचा अर्थ आईला कसा सांगू?

जय ख्रिस्त सगळ्यांना. आम्ही जालन्याचे. मागच्या रविवारी मामा घरी आलते, ते आता त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानत नाहीत, आणि जेवण झाल्यावर त्यांनी आजोबांचं जुनं बायबल उघडून योहान 14:28 वर बोट ठेवलं, म्हणाले बघ ताई, येशू स्वतःच म्हणतो पिता माझ्यापेक्षा थोर आहे, मग तो देव कसा? आई काहीच बोलली नाही, पण रात्री लाईट गेल्यावर अंधारात हळूच म्हणली, मग मी इतकी वर्षं प्रार्थना चुकीची केली का रे? तेव्हापासून मला झोप नाही.

मी शोधलं तर कळलं हा वाद लई जुना आहे, चौथ्या शतकातला आरियस नावाचा पाळक म्हणायचा की पुत्र, म्हणजे येशू, निर्माण केलेला आहे, म्हणून 325 साली निकियाला बिशपांची परिषद बसली आणि पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा असं ठरलं. पण परिषदेनं ठरवलं हे उत्तर आईला पुरत नाही, तिला वचनातूनच पाहिजे. माझ्याकडे योहान 1:1 (शब्द देव होता), 10:30 (मी आणि पिता एक आहोत) आणि 20:28 मधलं थोमाचं "माझा प्रभू व माझा देव" एवढं आहे, येशूनं त्याला टोकलं नाही हे मला फार मोठं वाटतं.

फक्त 14:28 चं काय? तिथं थोर म्हणजे पदानं की स्वभावानं? फिलिप्पै 2 (येशूनं स्वतःला रिक्त करून दासाचं रूप घेतलं) जोडून सांगितलं तर चालेल का? पाळक किंवा सेमिनरीत शिकलेलं कुणी असेल तर साध्या मराठीत सांगा, मामा रविवारी परत येणारेत, मला भांडायचं नाहीये त्यांच्याशी.