मोजकाच वापर असेल तर स्मार्टफोन घ्यावा का? अनुभव सांगा

जंक्शनवाली

आईचा बटणाचा फोन गेल्या आठवड्यात कायमचा गेला. खरं तर दोन वर्षांपूर्वीच जायला हवा होता. मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं होतं आणि पाचचं बटण नखाने दाबावं लागायचं. आई ७३ वर्षांची, मिरजेत एकटी राहते. बाबा रेल्वेत होते, त्यांची फॅमिली पेन्शन तिला मिळते. दिवसाला चार फोन: मला, भावाला, मावशीला आणि गॅसवाला नाहीतर दूधवाला.

भाऊ म्हणतो, आता टच फोनच घे. आई म्हणते, "चार फोन करायला दहा हजार कशाला घालवायचे?" मला दोघांचंही पटतं, म्हणून अडकले आहे. त्यात नोव्हेंबर तोंडावर आलाय, म्हणजे हयातीचा दाखला. तो आता फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा दाखवूनही देता येतो म्हणे.

कुठलं मॉडेल चांगलं, रॅम किती, हे विचारत नाहीये. ज्यांचा वापर खरंच मोजका आहे, स्वतःचा किंवा घरातल्या कुणाचा, त्यांनी काय ठरवलं आणि सहा महिन्यांनी काय झालं, ते हवंय. पस्तावला असाल तर तेही लिहा.

निवृत्त कारकून

मी दोन्ही करून बसलोय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

निवृत्त झाल्यावर मुलीने स्मार्टफोन दिला. सहा महिन्यांत लक्षात आलं की मी तो वेळ बघायला उचलतो आणि तासाभराने खाली ठेवतो. तेव्हा वेळ बघायचीच राहिलेली असते. म्हणून बटणाचा फोन घेतला, सिम त्यात टाकलं आणि स्मार्टफोन घरात वायफायवर ठेवला. व्हॉट्सअ‍ॅप सुरू करताना सहा आकडी कोड बटणाच्या फोनवर आला, तो इकडे भरला, काम झालं. आपण फार हुशारी केली असं वाटून दोन दिवस छाती फुगवून फिरलो.

मग यूपीआय घ्यायला गेलो. ते अ‍ॅप नोंदणीच्या वेळी त्याच फोनमधून, बँकेत दिलेल्या नंबरवरून, एक एसएमएस पाठवतं. म्हणजे सिम त्याच फोनमध्ये हवं. काढलं, घातलं, नोंदणी झाली. परत काढलं तर अ‍ॅप बिथरलं. त्यात माझ्या बटणाच्या फोनला मोठं सिम लागतं आणि स्मार्टफोनला नॅनो. नॅनो सिम चौकटीशिवाय घातलं, ते आत अडकलं, ते भुवयांच्या चिमट्याने काढताना आतली पिन वाकली. फोन १६०० चा, दुरुस्ती ४०० ची.

बटणाच्या फोनवरून यूपीआय होत नाही असं नाही. *९९# आहे, तो डायल केला की पडद्यावर पर्यायांची यादी येते, इंटरनेट लागत नाही. मार्च २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने यूपीआय १२३पे आणलं, त्यात एका नंबरवर फोन लावून पैसे पाठवता येतात. मी *९९# तीनदा केलं. पर्याय वाचून आकडा दाबेपर्यंत वेळ संपते आणि पुन्हा पहिल्यापासून. भाजीवालीसमोर उभं राहून हे करून बघा. ती म्हणाली, "काका, उद्या द्या."

आणखी एक. बटणाचा फोन घेणार असाल तर रिचार्जवाल्याला फक्त बोलणं आणि एसएमएसचा पॅक मागा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने असे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. तोवर मी न वापरलेल्या डेटाचे पैसे भरत होतो. आमचा दुकानदार आपणहून तो पॅक सांगत नाही.

सध्या: दोन फोन, रोख पैसे, पासबुक. सुखी आहे.

बांधावरून

परभणी जिल्हा. माझा स्मार्टफोनचा वापर वर्षातून दोन दिवस. हसू नका, खरं सांगतोय.

१५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्याकडं ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी तलाठी पिकाची नोंद करायचा, आता आपण आपल्या वावरात उभं राहून अ‍ॅपमधून पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर ठिकाणाचे अक्षांश-रेखांश जातात, घरी बसून जमत नाही. नोंद नसली की सातबाऱ्यावर पिकाचा रकाना कोरा, अन् पुढं हमीभावाला नाहीतर भरपाईला अडचण. खरिपाला एकदा, रब्बीला एकदा. झाले दोन दिवस.

पहिली तीन वर्षं पुतण्याचा फोन. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होते, म्हणून निम्मी गल्ली त्याच्याच मागं. मग तो पुण्याला कंपनीत लागला. तवा म्हणलं घ्यावं लागतंय. साडेतीन हजाराला वापरलेला घेतला. पहिल्याच हंगामात कापूस वेचून बोटाला चिरा पडलेल्या, काचेला बोट लागलेलंच कळंना. शेवटी करंगळीनं दाबत बसलो. वावरात रेंज नाही, बांधावरच्या लिंबापाशी एक काडी येती. फोटो काढायचा इकडं अन् पाठवायचा तिकडं.

ज्यांचं राहून जातं त्यांच्यासाठी आता गावात सहाय्यक नेमलेत. पण सगळं गाव एकदाच त्याच्या मागं लागतं.

बाकीचे ३६३ दिवस फोन पोराकडं, क्रिकेट बघायला. बोलायला मला बटणाचाच, पाण्यात पडला तरी वाळवला की चालू. पुतण्या गावात असता तर टच घेतलाच नसता.

अभ्यासिका क्र. ४

उलटा अनुभव. वय २६, एमपीएससी करतोय. रील्सला कंटाळून बटणाचा फोन घेतला. सव्वा महिना टिकलो. नोट्स टेलिग्रामवर, अभ्यासिकेच्या सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर, मेसचे पैसे यूपीआयवर. रोज कुणाला तरी "जरा तुझा फोन दे" म्हणायचो. रूममेट शेवटी म्हणाला, तू फोन सोडला नाहीस, माझा धरलास.

परत घेतला.

चौथा मजला

माझा अनुभव माझा नाही, आमच्याकडे ठाण्यात स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचा आहे. "मोजका वापर" म्हटलं की आपण पेन्शनर आजीआजोबाच डोळ्यांसमोर आणतो, म्हणून मुद्दाम लिहिते.

मावशींना वाचता येत नाही. आकडे ओळखतात. बटणाच्या फोनवर त्यांनी स्वतःची पद्धत बसवली होती: दोनचं बटण दाबून धरलं की मुलगी, तीनचं मी, चारचं दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. नऊच्या पुढचं कुणी असेल तर माणूस प्रत्यक्ष भेटेपर्यंत निरोप राहायचा. एसएमएस आला की मला दाखवायच्या. बँकेचा असो की जाहिरातीचा, त्यांना सारखाच. एकदा पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यांनी आठ दिवस तसाच जपून ठेवला, मी गावाला गेले होते म्हणून.

त्यांनी साडेसात हजारांचा फोन घ्यायचं ठरवलं तेव्हा मीच आडवी आले. म्हटलं, तुम्हाला वाचता येत नाही, काय करणार त्याचं? आता ते वाक्य आठवलं की लाज वाटते. कारण लिहिता-वाचता न येणाऱ्याला बटणाच्या फोनमध्ये बोलण्यापलीकडे काहीच नाही आणि या फोनमध्ये माइकचं चिन्ह आहे. मावशी ते दाबून धरतात आणि बोलतात. "ताई, उद्या अर्धा तास उशीर, पाणी येणारे." मी ऑफिसात असले तरी त्यांचं काम थांबत नाही. मी उत्तरही बोलूनच देते. त्या ते दोनदा ऐकतात. "नीट कळावं म्हणून," म्हणतात.

फोनमधल्या यादीला मी प्रत्येकाचा फोटो लावून दिला. माझ्या नावाला त्यांनी माझा चेहरा लावू दिला नाही, आमचं दार लावलं. "मला दारच आठवतं." दुसऱ्या मजल्याला तुळशीची कुंडी. जालन्याच्या मुलीला मात्र मुलीचाच फोटो, तोही लग्नातला. तिचं बाळ त्यांनी आधी व्हिडिओ कॉलवर पाहिलं, मग दिवाळीत प्रत्यक्ष.

त्रास आहेच. पॅक २८ दिवसांचा, पगार महिन्याचा. वर्षात बारा पगार आणि तेरा रिचार्ज, हा हिशोब मावशींनीच मला दाखवला. "मला वाचता येत नाही, मोजता येतं."

नेकारकाठ

जर्मनी, श्टुटगार्टजवळ. आमचे एक शेजारी ८० च्या पुढचे, स्मार्टफोन नाही आणि घेणारही नाहीत. इथे बघून शिकलो की कागदी वाट किती उघडी ठेवली आहे त्यावर सगळं अवलंबून. बँक त्यांना कॅल्क्युलेटरसारखं एक यंत्र देते, त्यात कार्ड खुपसलं की व्यवहाराचा आकडा मिळतो, फोन नको. २०२३ मध्ये आलेलं देशभराचं मासिक तिकीट चिपकार्डावरही मिळतं. पण रेल्वेचं सवलतीचं कार्ड जून २०२४ पासून प्लास्टिकचं मिळत नाही. शेजाऱ्यांसाठी मी त्याची पीडीएफ छापून देतो. पार्सलची काही नवी कपाटं पडद्याशिवायची आहेत, ती अ‍ॅपनेच उघडतात. तिथेही मीच.

धाकटी सून

नाशिक. सासऱ्यांना स्मार्टफोन हौसेने दिला होता, वापर बेताचाच. गेल्या वर्षी लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका आली, ओळखीच्याच नंबरवरून. दाबल्यावर काहीच उघडलं नाही. ती पत्रिका नव्हतीच, एपीके फाइल होती, म्हणजे दाबल्यावर फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी. नंबर ज्यांचा होता त्यांचाही फोन आधीच ताब्यात गेलेला. रात्रीतून ४८ हजार गेले. ओटीपीचे मेसेज त्या अ‍ॅपने परस्पर वाचले, सासऱ्यांनी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. सकाळी कळल्याबरोबर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला म्हणून थोडी रक्कम मध्येच अडवली गेली. बाकीची गेली ती गेली.

पैशांपेक्षा त्यांचा चेहरा आठवतो. चाळीस वर्षं हिशोब लिहिलेला माणूस. त्या दिवसापासून घरातल्या कुणाशी नजर मिळवेनात. स्वतःच म्हणाले, मला जुना फोन दे.

दिला. तेव्हापासून विजेचं बिल, सिलेंडर, डॉक्टरांची वेळ, नातेवाइकांच्या ग्रुपवरची बारशी-बारावी, सगळं माझ्या फोनवर. घरी सगळे म्हणतात, आता त्यांचा वापर किती कमी झाला! कमी कुठे झालाय? माझ्याकडे आलाय.

तक्रार नाही. पण जंक्शनवाली, तुमच्या आईला चारच फोन लागतात असं लिहिलंय, तर तिचं वीजबिल कोण भरतं ते एकदा मोजा.

कुंपणावरचा

वरचं वाचून उठलो आणि घरात मोजलं. वडिलांची सात कामं माझ्या फोनवर आहेत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग? मी तुझी शाळेची फी भरत नव्हतो?"

सायडिंग

हयातीच्या दाखल्याबद्दल, कारण मीही रेल्वेचाच. जीवन प्रमाण, म्हणजे हा दाखला डिजिटल द्यायची सोय, २०१४ मध्ये आलं तेव्हा बोटाचा ठसा द्यायला केंद्रावर जावं लागायचं. २०२१ पासून चेहऱ्याने होतं. त्याला अँड्रॉइड फोन आणि दोन अ‍ॅप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि एक आधारचं चेहरा तपासणारं. पण फोन आईचाच असायला हवा असं मुळीच नाही, कुणाच्याही फोनवर होतं. शिवाय पोस्टमन घरी येऊन करून देतो, पोस्टात सांगून ठेवायचं, थोडं शुल्क पडतं. एवढ्यासाठी फोन घेऊ नका. उजेडाकडे तोंड करून बसवा आणि पापण्यांची उघडझाप करायला सांगा, तिथेच सगळे नापास होतात.

जंक्शनवाली

महिन्याने येतेय, उशिराबद्दल माफी. सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. (मावशीच्या फोनवर फोन करून. आईचा बंदच होता, हे तेव्हा ध्यानात आलं.) धाकटी सून, मोजलं. वीजबिल मी, सिलेंडर भाऊ, औषधं मी, घरपट्टी भाऊ. अकरा कामं. आईला सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझा जुना पडलाय ना कपाटात, तो दे. नवा नको."

पैशांचं अ‍ॅप त्यात टाकलेलं नाही. लिंक दिसली की उघडायची नाही, मला विचारायचं, असं ठरलंय. बटणाचा फोनही आणला, तिच्या हट्टाने. तो उशाशी असतो, टॉर्चसाठी. एक सिम दोन फोनांत घालायच्या भानगडीत पडलो नाही, निवृत्त कारकून काकांचा चिमटा डोळ्यांसमोर होता. बटणाच्या फोनला वेगळं सिम घेतलं, फक्त बोलण्याच्या पॅकचं. दुकानदाराने खरंच आपणहून सांगितलं नाही.

दाखला चार वेळा फसला. सायडिंग म्हणतात तसंच, पापणी. आई कॅमेऱ्यासमोर फोटोला बसल्यासारखी डोळे ताणून बसायची. पाचव्यांदा झाला.

ती हा फोन कशाला वापरेल याचे आम्ही सगळ्यांनी अंदाज बांधले होते: भजनं, नातवाचे फोटो. त्यातलं फारसं काही नाही. ती गाडी कुठवर आली ते बघते. रेल्वेवाल्याची बायको, चाळीस वर्षं तिने तेच तर केलंय. आधी मी पुण्याहून निघाले की चार फोन यायचे, कुठवर आलीस, जेवलीस का. परवा कोयनेने निघाले तर कराड गेलं तरी एकही नाही. शेवटी मीच लावला.

"किर्लोस्करवाडीच्या अलीकडे उभी आहे ना? बारा मिनिटं उशीर आहे. भात आत्ता नाही लावत."