कार्निव्हलला गेलेलं जोडपं आणि स्लो पिचचा नवा हंगाम: संघ कसा लावावा?

संघचालक

आमचा हौशी मिश्र संघ आहे, स्लो पिच सॉफ्टबॉल (चेंडू खालून, हळू आणि उंच कमानीत टाकायचा प्रकार). यादीत १४ जण, ८ पुरुष आणि ६ स्त्रिया. मैदानात १० उतरतात, ५ अधिक ५. पहिला सामना रविवारी, १४ फेब्रुवारी २०२७ ला आहे आणि दुसरा २१ ला. संघातलं एक जोडपं रिओच्या कार्निव्हलला चाललंय. तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), ती आमची एकुलती एक पिचर (चेंडू टाकणारी). निघणार ४ तारखेला. परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही. राख बुधवारनंतर (कार्निव्हल संपल्यावरचा बुधवार, १० तारीख) लगेच निघाले तर १२ ला पोहोचतील, शनिवारची विजेत्यांची मिरवणूक पाहून निघाले तर १५ ला.

१. त्यांना १२ ला यायला सांगावं का?
२. पाच आठवड्यांत दुसरा पिचर तयार होतो का?
३. बाकीच्यांचा सराव कसा आखावा? गेल्या वर्षी पहिल्या तीन सामन्यांत दोन हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) आणि एक खांदा गेला.

---

चौथा आउटफिल्डर

१२ ला आणू नका. लांबचा विमानप्रवास, त्याआधी आठवडाभराची जागरणं, आणि ४८ तासांत शॉर्टस्टॉपवर उभं करणार! तो खेळेलही, पण दुसऱ्या इनिंगमध्ये पहिल्या बेसकडे पळताना मांडी धरून बसेल आणि २१ चा सामनाही जाईल.

खरी अडचण शॉर्टस्टॉपची नाहीच. आकडे बघा. पिचर नसली की तुमच्याकडे स्त्रिया उरतात ५, म्हणजे बरोब्बर लागतात तेवढ्याच. त्यातल्या एकीला ताप आला की ४. बहुतेक मिश्र लीगमध्ये फलंदाजीचा क्रम पुरुष-स्त्री असा आलटून पालटून असतो आणि रिकाम्या जागेची पाळी आली की आपोआप आउट धरतात. सात इनिंगमध्ये ती जागा तीन-चार वेळा येते, म्हणजे एक अख्खी इनिंग तुम्ही फुकट देता. शॉर्टस्टॉपच्या चुकांमधून एवढं नुकसान सहसा होत नाही.

म्हणून आजच लीगला दोन गोष्टी विचारा. नावं वाढवायची शेवटची तारीख कोणती, आणि बदली खेळाडू एका सामन्यापुरती चालते का. सातवी स्त्री आत्ताच नोंदवून ठेवा. तिला खेळ नीट येत नसला तरी चालेल, तिला राइट फिल्डला (मैदानाच्या उजव्या टोकाला) लावा आणि तिच्या शेजारी राइट सेंटरला तुमचा सर्वात पळणारा माणूस द्या.

शॉर्टस्टॉपला दुसऱ्या बेसवाल्याला सरकवू नका. एक भोक बुजवताना दोन पडतात. तिसऱ्या बेसच्या राखीव खेळाडूला तिथे आणा आणि नेहमीपेक्षा दोन पावलं पुढे उभं करा. फेक छोटी होते, हात कच्चा असला तरी निभतं.

---

आर्कवाली

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: होतो. स्लो पिचमध्ये पिचरला वेग लागत नाही, सातत्य लागतं. ज्याचा चेहरा चेंडू बाहेर गेल्यावरही तसाच राहतो असा माणूस निवडा. जोरात फेकणारा नको.

अंतर ५० फूट, म्हणजे सव्वापंधरा मीटर. चेंडूची कमान किती उंच हवी ते लीगवर आहे. अनेक ठिकाणी किमान ६ आणि कमाल १२ फूट असते, तुमचं नियमपुस्तक बघा. मधोमध, २५ फुटांवर, दोन काठ्यांना दोन दोऱ्या बांधा, एक किमान उंचीवर आणि एक कमाल. चेंडू दोन्ही दोऱ्यांच्या मधून गेला पाहिजे. होम प्लेटच्या (फलंदाजाच्या जागेच्या) लगेच मागे बादली ठेवा. आठवड्यातून चार दिवस ५० चेंडू. पहिल्या आठवड्यात ५० पैकी १५ बादलीच्या हातभर परिघात पडले तरी बरं चाललंय. चौथ्या आठवड्यात ३५ पडायला हवेत.

चेंडू सारखा उंच जात असेल तर तो हातातून उशिरा सुटतोय. सपाट जात असेल तर लवकर सुटतोय, किंवा गुडघा वाकत नाहीये. हात बदलायच्या आधी पायाकडे बघा.

मिश्र सामन्यात बहुधा पुरुष फलंदाजाला १२ इंच घेराचा चेंडू आणि स्त्रीला ११ इंचाचा असतो. म्हणजे नव्या पिचरच्या हातात दर फलंदाजाला वेगळा चेंडू. सरावात २५-२५ असे वेगळे गठ्ठे करू नका, एकाआड एक टाकायला लावा. ११ इंची छोटा आणि हलका असल्याने सुरुवातीला लांब पडतो. चुकीचा चेंडू टाकला गेला तर बऱ्याच नियमपुस्तकांत फलंदाजी करणाऱ्या संघाला खेळाचा निकाल घ्यायचा की पुन्हा फलंदाजी करायची हे ठरवता येतं. फायदा त्यांचाच.

शेवटचं आणि सर्वात महत्त्वाचं: चेंडू सुटला की दोन-तीन पावलं मागे, ग्लोव्ह छातीसमोर. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. आणि चेहऱ्याला मास्क. ५० फुटांवरून कंपोझिट (तंतू आणि राळेच्या) बॅटचा सरळ फटका आला तर विचार करायला वेळ नसतो. मास्क घालायला लाजणाऱ्याला पिचर करू नका.

---

हळूहळू पळा

तिसऱ्या प्रश्नावर. तुमचा खांदा आणि हॅमस्ट्रिंग सामन्यात गेले असले तरी बिघडले पहिल्या सरावाला. हिवाळाभर हात वर न केलेला माणूस पहिल्याच दिवशी आउटफिल्डमधून (मैदानाच्या बाहेरच्या भागातून) होम प्लेटला फेकतो, आणि कप्तान वर टाळ्या वाजवतो.

फेकीचं असं करा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी.

पहिला आठवडा: १० मीटर, २५ फेकी, दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा २५.
दुसरा: १८ मीटर.
तिसरा: २७ मीटर.
चौथा: इनफिल्डवाले तिथेच थांबतील, आउटफिल्डवाले ३६ मीटर, एक टप्पा घालून.
पाचवा: आपापल्या जागेवरून सामन्यातल्या फेकी, पण फक्त ३०.

खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर एक पायरी खाली. दंड नुसता जड वाटणं वेगळं, त्याला घाबरू नका.

हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक हा व्यायाम. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे, पाठ-कंबर सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं, शेवटी हात टेकायचे. पहिले दोन आठवडे ५ चे दोन संच, आठवड्यातून दोनदा, मग ८ चे तीन. जोडप्यासाठी तर आदर्श, घोटे धरायला माणूस सोबतच आहे. मात्र त्यांनी आत्ता सुरू करायला हवं. पहिल्यांदा केल्यावर दोन-तीन दिवस जिना उतरवत नाही. रिओत पोहोचून सुरू केलं तर कार्निव्हल खोलीतूनच ऐकावा लागेल.

सामन्याआधी बसून ताणत राहू नका. चालत पाय झुलवणं, गुडघे वर घेत पळणं, मग २० मीटरच्या चार धावा: ६०, ७५, ८५, ९५ टक्के जोर. होम प्लेट ते पहिला बेस बहुधा ६५ फूट, म्हणजे जवळपास तेवढंच अंतर. आणि शेवटच्या पावलाला बेसवर लांब ढांग टाकणं बंद करा. हॅमस्ट्रिंग बहुतेक तिथेच ओढला जातो. पहिला बेस दुहेरी (अर्धा पांढरा, अर्धा नारंगी) असेल तर नारंगी भागावरून न थांबता पुढे पळत जायचं, वेग नंतर कमी करायचा.

---

सांबाड्रोम सेक्टर ९

कार्निव्हलच्या बाजूने थोडं. तारखेबद्दल कप्तानांनी एक लक्षात ठेवावं: ईस्टर सरकतो तसा कार्निव्हल सरकतो. कार्निव्हलचा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो. २०२७ मध्ये ९ फेब्रुवारी, २०२८ मध्ये चक्क २९ फेब्रुवारी. हे जोडपं पुढच्या वर्षीही जाणार असेल तर अडचण वेगळ्याच सामन्याला येईल.

मोठ्या सांबा शाळांच्या (सांबा नाचणाऱ्या मोठ्या गटांच्या) मिरवणुका आता रविवार, सोमवार, मंगळवार अशा तीन रात्री असतात, रोज चार शाळा. बुधवारी दुपारी गुणमोजणी होते आणि पहिल्या सहा शाळा शनिवारी पुन्हा उतरतात. कोणतीही एक मोठी रात्र आणि शनिवार एवढं पाहिलं तरी पोट भरतं. तिन्ही रात्री काँक्रीटच्या पायऱ्यांवर बसलात तर कंबर आणि पोटऱ्या दगड होतात, वर दिवसा रस्त्यावरच्या ब्लोकोंमागे (नाचत-गात जाणाऱ्या टोळ्यांमागे) मैलोनमैल चालणं. मिरवणुका होतात त्या सांबाड्रोममध्ये सम क्रमांकाच्या सेक्टरना (प्रेक्षकांच्या विभागांना) मेट्रोचं प्रासा ओन्झे स्थानक जवळ, विषम सेक्टरना सेंट्राल. चुकीच्या स्थानकावर उतरलात तर उगाच मोठा वळसा पडतो.

बूट वापरलेलेच न्या. टाचेला फोड घेऊन आलेला शॉर्टस्टॉप क्लीट्स (खेळाचे खुंट्यांचे बूट) घालू शकत नाही. दोन ग्लोव्ह आणि दोन जुने चेंडू हातातल्या बॅगेत टाका, ग्लोव्हच्या खिशात चेंडू ठेवून, म्हणजे दबणार नाही. दिवसाआड सकाळी किनाऱ्यावर १० ते १५ मीटरवरून २५ सावकाश फेकी पुरतात. पीतज्वराची लस घेणार असाल तर प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, आणि फेकीच्या हातावर नको!

---

संघचालक

छान माहिती. १५ लाच येऊ दे म्हणतो. मग २१ ला त्यांना कुठे लावू? आणि नवी कंपोझिट बॅट घेतली आहे, ती तोपर्यंत तयार कशी करायची?

---

हळूहळू पळा

१५, १६ नुसतं चालणं आणि झोप. १७ ला १८ मीटरवरून ३० फेकी आणि ६० टक्क्यांच्या सहा धावा. १९ ला पूर्ण सराव. २१ ला तिला पिचिंग द्या, त्यात पळणं कमी. त्याला पहिल्या बेसवर ठेवा, शॉर्टस्टॉपवर २८ ला. तो कुरकुर करेल.

---

चौथा आउटफिल्डर

बॅटवर आधी शिक्का बघा. लीग ज्या संघटनेचे नियम पाळते तिचा शिक्का नसेल तर अंपायर बॅट बाजूला ठेवतो. मग खरे सॉफ्टबॉल वापरून १५० ते २०० फटके, दर फटक्यानंतर बॅट पाव वळण फिरवायची. पहिले ५० अर्ध्या जोराने. यंत्रावरचे खड्डे असलेले कडक चेंडू अजिबात नकोत, त्याने कवच फुटतं. तापमान १६ अंशांच्या खाली असेल तर कंपोझिट पिशवीतच राहू दे, थंडीत चेंडू कडक होतो आणि तडा जातो. सकाळच्या सामन्यांसाठी जुनी ॲल्युमिनियम सोबत ठेवा. रोलरमधून दाबून आणलेली बॅट कोणी देऊ केली तर घेऊ नका, पकडले गेलात तर बंदी खेळाडूवर येते.

आणखी एक. १४ तारखेच्या सामन्याच्या यादीपत्रकावर या दोघांची नावं लिहू नका, सातव्या स्त्रीचं मात्र राखीव म्हणून लिहाच. पत्रकावर नाव नसलेल्याला सामना सुरू झाल्यावर बऱ्याच लीग उतरू देत नाहीत, मग ती बाकावर बसलेली असली तरी.