प्रति: कंत्राटी मेकॅनिकना अ‍ॅप द्यावं का?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, बाहेरच्या कंत्राटदारांना कामं वाटायचं अ‍ॅप देऊ नये, फोनवरच कामं सांगावीत. आम्ही तेच केलं आणि तोंडघशी पडलो. आमचं एसी सर्व्हिसिंग. पगारी माणसं दापोलीत, गुहागरकडचं काम कंत्राटी. ऑफिसातला पोरगा नकाशा बघून दापोलीकडच्या दाभोळचा माणूस गुहागरकडच्या धोपाव्याला पाठवायचा. समोरच तर दिसतंय! मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे हो. फेरीबोट चुकली की चिपळूणवरून वळसा.

आता त्यांना मर्यादित लॉगिन दिलंय: स्वतःची कामं, आधी-नंतरचे फोटो, वापरलेले पार्ट. गिऱ्हाइकाचे बाकी तपशील नाहीत, पण त्या मशिनचा मागचा बिघाड दिसतो. खाऱ्या हवेत कंडेन्सरची (एसीच्या बाहेरच्या भागातली) कॉइल सडते, तेव्हा तो बघावाच लागतो. पैसे मात्र दर खेपेमागे देऊ नका, पुरं झालेल्या कामावर द्या. नाहीतर एकाच गॅसगळतीला तीन खेपा होतात, आम्ही भोगलंय.