उद्यानातील कर्मचाऱ्यांना तातडीच्या वैद्यकीय मदतीचे काय शिकवावे?

पायवाट
चार सार्वजनिक उद्यानांची देखभाल माझ्याकडे आहे. माळी, सफाई कर्मचारी आणि सुरक्षारक्षक मिळून आम्ही २६ जण आहोत. गेल्या महिन्यात सकाळी फिरायला आलेले एक वृद्ध गृहस्थ चालता चालता कोसळले. झाडांना पाणी घालणारा आमचा माळी लगेच धावला. परंतु त्यांचा श्वास मधूनमधून घरघरत येत असल्यामुळे ते शुद्धीवर येतील असे समजून तो त्यांना वारा घालत राहिला. रुग्णवाहिका मागच्या फाटकापाशी पोहोचली आणि त्या फाटकाला कुलूप होते. ते गृहस्थ वाचले नाहीत. आता प्रशिक्षणासाठी एक दिवस मंजूर झाला आहे. तो सर्वांना द्यावा की निवडक चौघांना, आणि त्यात काय शिकवावे?

प्रथमोपचार प्रशिक्षक
सर्वांनाच द्या. कोण कोठे कोसळेल हे ठरलेले नसते आणि त्या वेळी जवळ असेल तोच पहिला मदतनीस ठरतो.

आपल्या माळ्याने जे पाहिले तो श्वास नव्हता. हृदय बंद पडल्यानंतरही काही मिनिटे अशी तुटक घरघर चालू राहू शकते आणि अनुभव नसलेला माणूस हमखास फसतो. म्हणून सर्वांत आधी हेच शिकवावे: हाक मारून, खांदे हलवूनही माणूस प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नेहमीसारखा नसेल, तर हृदय थांबले आहे असे धरून चालावे, एकाने रुग्णवाहिकेला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीवर दाब देणे सुरू करावे. प्रौढ व्यक्तीच्या छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ही खोली व्याख्यानातून कळत नाही. दिवसाचा निम्मा वेळ पुतळ्यावरील सरावाला द्या आणि प्रत्येकाला सलग दोन मिनिटे दाब देऊ द्या, म्हणजे माणूस किती लवकर दमतो आणि दर दोन मिनिटांनी दाब देणारा का बदलायचा, हे त्याला स्वतःच कळेल.

तोंडाने श्वास देण्याच्या संकोचापोटी कित्येक जण पुढेच येत नाहीत. डोळ्यांदेखत अचानक कोसळलेल्या प्रौढासाठी नुसता छातीवरचा दाबही चालतो, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये जाहीर केले. उद्यानात तळे असेल तर मात्र श्वास देणे शिकवलेच पाहिजे, कारण बुडालेल्या व्यक्तीला प्राणवायूच मिळालेला नसतो.

रात्रपाळी
मी तातडीच्या विभागात परिचारिका आहे. उरलेल्या अर्ध्या दिवसात उद्यानातच घडणाऱ्या गोष्टी घ्याव्यात. ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता त्याला सावलीत नेऊन, अंगावर भरपूर पाणी ओतून, वारा घालून लगेच थंड करावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये. मधमाशी चावल्यावर ओठ सुजले, आवाज बसला किंवा धाप लागली, तर ती जिवावरची प्रतिक्रिया असते. फेफरे आलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये, कांदा-चप्पल हुंगवू नये. डोक्याखाली मऊ कापड ठेवून झटके थांबल्यावर कुशीवर वळवावे. झटके ५ मिनिटांपेक्षा अधिक चालले तर रुग्णवाहिका बोलवावी.

चौकीदार
कुलपाचा मुद्दा मला प्रशिक्षणाइतकाच मोठा वाटतो. हृदय थांबल्यावर काहीच मदत मिळाली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. कुलपाची किल्ली शोधण्यात गेलेली मिनिटे यातलीच असतात. दिव्यांच्या खांबांना मोठे क्रमांक द्या, म्हणजे फोनवर ‘मोठ्या झाडाजवळ’ असे सांगावे लागणार नाही. प्रत्येक पाळीत फाटक उघडून रस्त्यावर उभे राहण्याचे काम एका व्यक्तीच्या नावावर ठेवा. हृदयाला झटका देणारे एईडी यंत्र घेणार असाल, तर ते कार्यालयाच्या बंद कपाटात नको. ते बोलून सूचना देते आणि गरज असेल तरच झटका देते, त्यामुळे शिपायालाही वापरता येते; मात्र त्याच्या पॅडची आणि बॅटरीची मुदत दरमहा पाहावी लागते.

पायवाट
खांबांचे क्रमांक आणि फाटकाची जबाबदारी या आठवड्यातच मार्गी लावतो. एक विचारायचे राहिले. तो माळी तेव्हापासून त्या वळणाकडे जात नाही. त्याला प्रशिक्षणाला बसवावे का?

प्रथमोपचार प्रशिक्षक
आधी त्याच्याशी एकांतात बोला. तो धावला, थांबला, माणसाला एकटे सोडले नाही. जे कोणी शिकवलेच नव्हते ते त्याला कळायला हवे होते असे नाही, हे त्याने आपल्याच तोंडून ऐकले पाहिजे. झोप उडाली असेल तर समुपदेशकाची वेळ घेऊन द्या. प्रशिक्षणाला यावे की नाही हे त्याला ठरवू द्या आणि आला, तर वर्गात त्या दिवसाचे उदाहरण घेऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी अर्ध्या तासाची उजळणी ठेवणारच असाल, कारण हा सराव तेवढ्या काळात विसरायला होतो. तो पुढच्या वेळीही येऊ शकेल.