मदत हवी आहे: लष्करी ‘टॅटू’मधला ‘प’ कुठे गेला?

नौदल दिनानिमित्त गेटवे ऑफ इंडियापाशी ‘बीटिंग रिट्रीट अँड टॅटू’ हा नौदलाच्या बँडचा, कवायतीचा सोहळा होतो. त्यातल्या टॅटूचा गोंदणाशी काही संबंध नाही. गोंदणवाला टॅटू प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशिया बेटांवरून, दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या सफरींमुळे इंग्रजीत आला. लष्करी टॅटू मात्र डच, ‘टॅपटू’वरून. टॅप म्हणजे पिंपाची तोटी, टू म्हणजे बंद. रात्री ढोल वाजला की गुत्तेवाल्याने तोटी बंद करायची आणि शिपायांनी मुकाट बराकीत परतायचं! इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या शिबंदीसाठी १६४४ साली निघालेल्या हुकुमात हा शब्द सापडतो: रात्री नऊला ‘टॅप-टू’ वाजल्यावर गुत्त्यात पिताना सापडला, तर अडीच शिलिंग दंड. म्हणजे तेव्हा ‘प’ शाबूत होता.

तर तो पुढे गळाला कसा? ‘प’ आणि ‘ट’ लागोपाठ आल्यामुळे बोलताना गिळला गेला, असा माझा अंदाज, पण दुसरं तसं उदाहरण हाताशी नाही. कुणाला आठवतंय का? आणि नेदरलँड्स-बेल्जियमकडच्या मंडळींनो, दार बंद आहे म्हणताना तिकडे अजून ‘टू’ म्हणतात का? की तो आता फक्त खेड्यापाड्यांतल्या बोलीत उरलाय?