मदत हवी आहे: अँसिबल आणि इटीसीकीपर एकत्र कसं वापरता?

डेबियन १२ चे सर्व्हर आहेत, कॉन्फिग अँसिबलने (सर्व्हरवर सेटिंग्ज आपोआप लावणारं टूल) जातं, शिवाय प्रत्येकावर इटीसीकीपर, म्हणजे अख्खं इटीसी (/etc, सेटिंग्जच्या फाइल्सचं फोल्डर) गिटमध्ये (बदलांची हिस्ट्री ठेवणारं टूल). त्रास असा की रात्री-बेरात्री कुणीतरी एनजिनएक्सचा (वेब सर्व्हरचा) टाइमआउट हाताने वाढवतं आणि पुढचं प्लेबुक (अँसिबलची कामांची यादी) चाललं की तो बदल उडतो, साइट परत आडवी!

चेक-डिफ (काही न बदलता फक्त फरक दाखवणारा अँसिबलचा मोड) करून बघितलं, पण फरक अँसिबलच्या टेम्प्लेटमुळे की हाताने केलेला ते त्यात कळत नाही. प्लेच्या सुरुवातीला गिट स्टेटस (कमिट न झालेले बदल) बघून फेल करायचं ठरवलं तर इटीसीकीपरचा रोजचा ऑटोकमिट, आणि एपीटीने पॅकेज टाकायच्या आधी होणारा कमिटसुद्धा, हातचे बदल आधीच कमिट करून स्टेटस क्लीन करून टाकतो. ऑटोकमिट बंद करायचे नाहीत, हिस्ट्री हवीच. रिपो बाहेर पुश करता येत नाही, त्यात शॅडो फाइल (पासवर्डचे हॅश) आहे. हातचे बदल बंद करा म्हणू नका, ऑनकॉलला ते लागतातच.

प्ले संपल्यावर गिट टॅग (त्या क्षणाच्या स्थितीची खूण) लावून पुढच्या वेळी फक्त अँसिबलच्या फाइल्स त्या टॅगशी डिफ करायच्या, असं कुणी चालवतंय का, की याहून सोपा मार्ग आहे?